पातळ व्हाइट टॉपिंग: क्यूब पास झाले म्हणजे काम झालं का?

साईटवरचा_पोऱ्या
मंडळी, मुलुंडला एका जुन्या डांबरी रस्त्यावर आमचं 100 एमएमचं व्हाइट टॉपिंग (डांबरावर काँक्रीटचा थर) चाललंय, एम40 ग्रेडचं काँक्रीट, फायबर टाकून, जॉइंट कापून पाडलेले चौकोन म्हणजे पॅनल मीटर बाय मीटर. क्यूब (काँक्रीटची ताकद तपासायचे ठोकळे) पास होतायत म्हणून साहेब निवांत आहेत. पण खालचं डांबर आणि वरचं काँक्रीट एकमेकांना धरून बसलंय की नाही हे साईटवर कसं बघायचं? पावसाच्या आधी रस्ता चालू करायचाय.

खडीवाला
क्यूब काँक्रीटचं सांगतो रे, रस्त्याचं नाही. 100 एमएमचा थर एकटा जड गाड्या झेलणारा नाही, डांबर चिकटलेलं असेल तर दोघं मिळून लोड घेतात, सुटलं की स्लॅबच्या तळाला ताण वाढतो आणि कोपरे तुटायला लागतात. कोअर (ड्रिलने काढलेला गोल नमुना) काँक्रीट आणि डांबर दोन्हीतून आरपार काढ. काँक्रीट-डांबराच्या जोडावर सुटून आला तर लगेच घाबरू नकोस, मशीनच्या झटक्यानेही सुटतो, पण डांबराच्या तोंडावर मिलिंगची (जुनं डांबर खरवडल्याची) भुकटी दिसली तर साफसफाईच नीट झालेली नाही. आणि खाली डांबर किती उरलंय ते मोजच, 75 एमएम तरी धड पाहिजे.

दादरकर_78
खडीवाले भाऊ बरोबर बोलले. एफडब्ल्यूडी (वजन टाकून रस्ता किती वाकतो ते मोजणारं मशीन) मिळत असेल तर पॅनलच्या मध्यावर, कोपऱ्यात आणि जॉइंटच्या दोन्ही बाजूंना वाक मोजा, टेंपरेचर लिहून ठेवा कारण दुपारी डांबर मऊ पडतं आणि रीडिंग बदलतं, मग पावसाळ्यानंतर त्याच जागी परत घ्या, तीच खरी परीक्षा, जॉइंटमधून पाणी उतरलं की डांबरातली खडी सुटायला लागते. शिवाय चाकं नेमकी कुठून जातात ते बघा. अमेरिकेत मिनेसोटात 1997 साली आय-94 वर असे पातळ थर टाकून ट्रॅफिकखाली बघितले होते, 4 फुटी पॅनलचे जॉइंट चाकाच्या पट्ट्यात आले आणि कोपरे तिथेच फुटले.

बेस्टचा_प्रवासी
एवढं सगळं करा आणि महिन्याभरात केबलवाला येऊन खणणार 😄

खडीवाला
खणू दे, पण अर्धं पॅनल तोडू देऊ नका. जॉइंटपासून जॉइंटपर्यंत कट मारून पूर्ण पॅनल काढायला लावा.

साईटवरचा_पोऱ्या
एफडब्ल्यूडीला साहेब हो म्हणणार नाहीत बहुतेक. तोपर्यंत हातोडीने ठोकून बघितलं तर चालेल का?

दादरकर_78
चालेल, कोपऱ्यांवर आधी ठोक. पोकळ वाजलं तिथेच कोअर घे, साहेबांना तो दाखवलास की एफडब्ल्यूडीचं बोलणं सोपं जाईल.