मदत हवी आहे: सेटलमेंटच्या नोटिशीत माझे आठवडे कमी लावलेत

नमस्कार मंडळी,

मी कॅलिफोर्नियात, सॅन होजेजवळ राहते. एच-४ वर (नवऱ्याच्या कामाच्या व्हिसाला जोडून मिळणारा व्हिसा) ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, मिळाल्यावर पहिलं काम धरलं ते एका मोठ्या मैदानावर, खाण्याच्या स्टॉलवर. सामने आणि गाण्याचे कार्यक्रम असतील तेवढ्याच दिवसांचं सीझनल काम. दोन उन्हाळे केलं, मग सोडलं.

गेल्या आठवड्यात पाकीट आलं, जुन्या पत्त्यावर पोस्टाची पिवळी पट्टी चिकटवलेलं. नवरा जाहिरात समजून रद्दीत टाकत होता. निघाली क्लास अ‍ॅक्शनची नोटीस. जेवणाची सुट्टी मिळाली नाही आणि पंच (यंत्रावर हजेरी) करण्याआधीच्या वेळेचे पैसे मिळाले नाहीत म्हणून काही जणांनी सगळ्या कामगारांच्या वतीने दावा लावला होता. आता तडजोड झाली आहे, कोर्टाची प्राथमिक मंजुरीही मिळाली आहे.

दावा अगदी खरा आहे. पार्किंगपासून बसने यायचं, मग बॅग तपासायची रांग, आणि यंत्र त्या रांगेच्या पलीकडे. चारला पोचलं तरी पंच व्हायला साडेचार. जेवणाला पंच आउट करायला लावायचे आणि पाच मिनिटांत परत हाक. डब्यातली पोळी-भाजी मी कितीदा तरी फ्रीजरमागे उभ्यानेच खाल्ली आहे.

अडचण अशी, की वाटणी आठवड्यांवर आहे आणि माझ्या नावापुढे ९ आठवडे लिहिलेत. मी मोजले तर १४ भरतात. फोनमध्ये ड्यूटीच्या तक्त्याचे फोटो आहेत, थोड्या पगाराच्या स्लिपा आहेत. रक्कम फार नाही, २१२ डॉलरचा अंदाज दिलाय. पण मी केलेलं काम कागदावर नाहीच, हे मला सोसत नाही. हरकत घ्यायला १९ दिवस उरलेत. कुणाला आणि काय पाठवू? काहीच केलं नाही तर? कर कसा लागतो? आणि ग्रीन कार्डची फाइल चालू असताना यात पडू नकोस असं घरी म्हणतात, त्यात तथ्य आहे का?

प्रतिसाद:

ताई, मी गोदामाच्या अशाच सेटलमेंटमधून गेलोय. आधी एक सांभाळा: आठवड्यांबद्दलची तक्रार वेगळी, सेटलमेंटवरचा आक्षेप वेगळा आणि बाहेर पडायचा अर्ज वेगळा. चुकून बाहेर पडायचा अर्ज गेला तर वाटाच जाईल. तक्रार नोटिशीत दिलेल्या, वाटणी सांभाळणाऱ्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडे जाते, कोर्टाकडे नाही. स्लिपा आणि बँकेत जमा झालेल्या पगाराच्या नोंदी जोडा, तारखांसकट. कामगारांच्या बाजूच्या वकिलांचा नंबर नोटिशीत असतो, खुशाल फोन करा. त्यांची फी कोर्ट ठरवून निधीतूनच देतं.

गप्प बसलात तर बहुतेक वेळा चेक आपोआप येतो, पण दावा अर्ज भरायला सांगितलाय का ते नीट वाचा. त्या मुद्द्यांवर पुढे वेगळा खटला मात्र करता येत नाही. कराचं म्हणाल तर पगाराचा भाग डब्ल्यू-२ या पगाराच्या कर-फॉर्मवर, दंड आणि व्याज १०९९ या इतर उत्पन्नाच्या फॉर्मवर. नवा पत्ता आजच कळवा, चेकला मुदत असते.

रांगेचं म्हणता ते कॅलिफोर्नियात पक्कं आहे. अ‍ॅपलच्या दुकानांतल्या बॅगतपासणीवर राज्याच्या सुप्रीम कोर्टाने २०२० मध्येच सांगितलं, की ती वेळ कामाचीच. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात २०१४ चा निकाल उलटा आहे, म्हणून राज्याचा कायदा मोलाचा. आणि इमिग्रेशन स्टेटस काहीही असो, राज्याचे कामगार कायदे सगळ्यांना लागू आहेत. तुमच्याकडे तर कामाचा परवाना होता. घाबरण्यासारखं मला काही दिसत नाही, फाइलच्या वकिलांना एकदा विचारून ठेवा.

धागाकर्ती:

खूप आभार, दादा. काल रात्री बसून बँकेच्या नोंदी काढल्या. आमचा पगार दर आठवड्याला जमा व्हायचा, त्यामुळे १३ आठवडे तंतोतंत जुळले. चौदाव्याचा फक्त तक्त्याचा फोटो आहे, तोही जोडलाय. उद्या सर्टिफाइड पोस्टाने टाकते.