जीर्णोद्धार, संवर्धन की जतन? ग्रामसभेच्या ठरावात काय लिहावं?

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात आमच्या वाड्यावर चिऱ्याच्या पायऱ्यांची सार्वजनिक तळी आहे. काठावरच्या घुमटीवर, म्हणजे छोट्या देवळीवर, कावीची (चुन्यावरच्या लाल नक्षीची) वेलबुट्टी अजून दिसते. दोन्हींच्या कामाचा ठराव मांडायचा आहे. मी ‘जीर्णोद्धार’ लिहिलं, सचिवांनी ‘दुरुस्ती’ केलं, एका जाणत्या पंचांनी ‘संवर्धन’ सुचवलं. तिन्ही एकच धरायचे का?

प्रतिसाद १

ताई, मुळीच नाही. जीर्णोद्धारात भर उद्धारावर. जुनं उतरवून नवं बांधलं तरी परंपरेला तो जीर्णोद्धारच. नार्व्याच्या सप्तकोटीश्वराच्या देवळातल्या शिलालेखात शके १५९०, म्हणजे १६६८ सालची नोंद आहे; शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं झालेल्या त्या कामाला आपण सगळे जीर्णोद्धार म्हणतो, पण लेखातले शब्द आहेत ‘देवालयस्य प्रारंभः’. त्याच देवळाचं सरकारी काम होऊन २०२३च्या फेब्रुवारीत ते पुन्हा खुलं झालं. तेव्हा देऊळ संरक्षित स्मारक होतं, जुनं राखूनच काम करायचं होतं. तरी शब्द आपण तोच वापरला.

‘दुरुस्ती’ची मात्र मला धास्ती वाटते. आमच्या गावच्या घुमटीची दुरुस्ती झाली तेव्हा चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंट थापलं. चिऱ्यातली ओल आत कोंडली, दुसऱ्या पावसाळ्यात पोपडे सुटले. कावी तर पहिल्याच दिवशी गेली. ओल्या चुन्यावर काव लावून ती खरवडून काढलेली नक्षी, परत कुठून आणणार?

प्रतिसाद २

शब्दामागून पैसा येतो, तेही बघा. २०२२च्या अर्थसंकल्पात राज्य सरकारनं पोर्तुगीज काळात उद्ध्वस्त झालेल्या देवळांच्या पुनर्बांधणीसाठी २० कोटी ठेवले. तुमची घुमटी उभी आहे, तिला ‘पुनर्बांधणी’ लागू नाही. ‘संरक्षित’ही लिहू नका, केंद्राच्या १९५८च्या किंवा गोव्याच्या १९७८च्या कायद्याखाली अधिसूचना निघाली असेल तरच तो शब्द खरा. पंचायतीचा हक्काचा शब्द ‘देखभाल’. संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत सांस्कृतिक कार्यं आणि सामूहिक मालमत्तेची देखभाल हे दोन्ही विषय पंचायतींसाठी दिलेले आहेत. तळी सार्वजनिक आहे, मग ‘आमच्याकडे खातं नाही’ हे उत्तर ऐकून घेऊ नका.

प्रतिसाद ३

‘संवर्धन’ म्हणजे मुळात वाढवणं. पशुसंवर्धन, वृक्षसंवर्धन हे ठीक. घुमटी वाढवायची नाही. वारशाच्या संदर्भात तो आता रूढ झालाय, त्याला चूक म्हणणार नाही. पण ‘जतन’ आपल्या तोंडातला शब्द. संस्कृत ‘यत्न’पासून आलेला, म्हणून त्यात रोजची मेहनत आहे. कोकणीतही तोच: पावसात घराबाहेर पडताना आजी ‘जतनाय घे’ म्हणायची. ताई, मथळ्यात जतन लिहा, आणि खाली काम काय ते नावानिशी लिहा. नुसत्या शब्दावर ठेकेदार थांबत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सचिवांशी बोलून हा मसुदा केला आहे: ‘वाड्यावरील सार्वजनिक तळी व घुमटी यांचे जतन व देखभाल पंचायतीने करावी. काम चिरा व चुना वापरूनच व्हावे, सिमेंट वापरू नये. कावीच्या नक्षीस हात लावण्यापूर्वी तिची छायाचित्रे काढून पंचायतीच्या दप्तरी ठेवावीत आणि पुरातत्त्व खात्याचा लेखी सल्ला घ्यावा.’