मदत हवी आहे : डेव्ही क्रॉकेटबद्दल

मंडळी, ऑफिसच्या वाचन ग्रुपमध्ये मला डेव्ही क्रॉकेटवर बोलायचंय आणि एका ठिकाणी गाडी अडलीये. आपल्याला तो फर टोपीवाला शिकारी म्हणूनच माहीत, पण माणूस मुळात अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या सरहद्दीवरचा कर्जबाजारी शेतकरी. १८२१ मध्ये राज्याच्या विधिमंडळात निवडून गेला आणि तिकडे अधिवेशन चालू असताना इकडे घराजवळच्या शोल क्रीक या ओढ्याला पूर आला, पिठाची गिरणी, बंदुकीच्या दारूचा कारखाना, दारूची भट्टी सगळं वाहून गेलं. मग बायकापोरांसकट अजून पश्चिमेला ओबायन नदीकडे सरकला, तिथून १८२७ ला थेट काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत!

तर प्रश्न असा की ज्या अँड्र्यू जॅक्सनच्या (तेव्हाचा सेनापती, पुढे राष्ट्राध्यक्ष) हाताखाली हा क्रीक या मूलनिवासी जमातीशी लढला त्याच्याशीच नंतर फाटलं ते नक्की कशावरून? १८३० ला मूलनिवासींना हुसकावणाऱ्या कायद्याविरुद्ध मत देणारा टेनेसीचा हा एकटाच खासदार, आणि १८३१ ला पडला, म्हणून सगळे तेच कारण सांगतात. मला मात्र वाटतं भांडण आधीचंय, कब्जेदार गरीब शेतकऱ्यांना त्यांनी कसलेली जमीन मिळावी म्हणून हा बिल रेटत होता आणि त्याच्याच राज्याचे जेम्स पोल्क वगैरे खासदार आडवे येत होते. मतदारांना जमीन महत्त्वाची की ते मत? कुणी नीट वाचलं असेल तर सांगा ना, शक्यतो त्याची भाषणं किंवा पत्रं कुठे मिळतील तेही. ज्या लढाईत तो मेला त्या अलामोचं नको, ते सगळ्यांना पाठ आहे 😀