'तैनाती फौज' हा शब्द भूतानला लावता येईल का?

घाटमाथा:
भूतानवरच्या एका मराठी लेखात, हा खोऱ्यातल्या भारतीय लष्करी पथकाला (गावाचे नावच 'हा' आहे, टंकनदोष नव्हे) लेखकाने सरळ 'भारताची तैनाती फौज' म्हटले आहे. मला ते खटकले. शाळेपासून तैनाती फौज म्हटली की वेलस्ली आणि वसईचा तह आठवतो. की आता परमुलखातल्या कुठल्याही सैन्याला हा शब्द चालतो?

टाकबोरू:
चालवतात, पण चालवू नये.

आधी 'तैनात' बघा. मूळ अरबी, आपल्याकडे फारसीतून आला. अर्थ नेमणूक. जुन्या मराठी कागदांत मात्र 'तैनात' म्हणजे नेमून दिलेला पगारही. चाकरांची नावे आणि त्यांचे वेतन ज्यात मांडलेले असे, तो 'तैनात जाबता'. म्हणजे नेमणूक आणि खर्च या दोन्ही गोष्टी शब्दाच्या पोटातच आहेत, आणि 'तैनाती फौज' ओळखायची तीही खर्च कोणाच्या माथी यावरूनच.

ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. दुसरा बाजीराव वसईला इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि ३१ डिसेंबरला तह करून बसला. कंपनीचे किमान सहा हजार पायदळ पेशव्याच्या मुलखात कायम राहणार, त्याच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख कंपनीला तोडून द्यायचा. निजामाने १८०० मध्ये हेच केले होते. बल्लारी, कडप्पा, अनंतपूर असे गेले. फौज कंपनीची, हुकूम कंपनीचा, पैसा मात्र यजमानाचा. नको म्हणायची सोय नाही.

भूतानला हे लावून बघा. हा इथले पथक १९६०च्या दशकाच्या आरंभी आले ते भूतानच्या सैन्याला शिकवायला. त्यासाठी भूतानने मुलूख तोडून दिलेला नाही, उलट पैशाचा ओघ दिल्लीकडून थिंफूकडे आहे. फुन्त्शोलिंग ते थिंफू रस्ता सीमा सडक संघटनेच्या 'दंतक' प्रकल्पाने बांधला. भूतानचे सैन्य त्यांच्या राजाच्या हुकमतीत आहे. त्यांचे छात्र आपल्या खडकवासल्यालाही शिकून जातात. याला तैनाती फौज म्हणणे म्हणजे शिकवणीच्या मास्तरांना घरजावई म्हणण्यासारखे.

नुक्ता:
टाकबोरू, पैशाचा हिशेब पटला. पण तुम्ही वसईच्या तहातले आणखी एक कलम सोयीने गाळलेत. कंपनीला आधी कळवल्याशिवाय आणि तिच्याशी सल्लामसलत केल्याशिवाय पेशव्याने परक्या सत्तेशी बोलणी करायची नाहीत, हेही त्यात होते. आता १९४९ चा भारत-भूतान तह काढा, कलम २. अंतर्गत कारभारात भारत हात घालणार नाही, पण परराष्ट्र व्यवहारात भूतान भारताच्या सल्ल्याने चालेल. ही भाषा ओळखीची नाही वाटत? २००७ च्या नव्या तहात ते कलम गेले. एकमेकांच्या सुरक्षेला बाधा येईल अशा कामांसाठी कोणीही आपली भूमी वापरू द्यायची नाही, असे दोन्हीकडून बांधणारे कलम त्या जागी आले. तेव्हा २००७ नंतरच्या भूतानला तो शब्द लावणे चूकच, पण १९४९ ते २००७ या काळाबद्दल मी इतके ठासून बोलणार नाही.

टाकबोरू:
त्या काळाला 'संरक्षित राज्य' म्हणा हवे तर. मला तेही जड वाटते, कारण भूतान १९७१ मध्येच संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. कंपनीने पेशव्याला एवढी मोकळीक दिली नसती. पण कलमाचा मुद्दा मान्य.

सह्यवारा:
मग 'कुमक' का नको? छोटा सुटसुटीत शब्द.

टाकबोरू:
कुमक ऐन प्रसंगी येते, काम झाले की परत जाते. वर्षानुवर्षे राहून कवायत शिकवणाऱ्यांना कुमक कसे म्हणणार? डिसेंबर २००३ मध्ये भूतानने आपल्या हद्दीतले उल्फा, बोडो आणि कामतापुरी या आसाम-उत्तर बंगालमधल्या बंडखोरांचे तळ उठवले, तेव्हाही लढले भूतानचेच सैनिक. राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक स्वतः मोहिमेवर होते. भारतीय सैन्याने आपल्या बाजूने सीमा रोखली. याला नाकेबंदी म्हणू.

नुक्ता:
आणि भूतान-चीन वादातले डोकलामचे पठार? जून २०१७ मध्ये चिनी रस्ता अडवायला भारतीय जवान सिक्कीमकडून पुढे गेले आणि ऑगस्टअखेरपर्यंत समोरासमोर उभे राहिले. भारताने जाहीर केले की हे भूतान सरकारशी समन्वय राखून केले. ही कुमक ठरेल, पण कुमक मागवली जाते. 'समन्वय' या शब्दात कोणी कोणाला बोलावले ते कळत नाही. कदाचित म्हणूनच तो निवडला असावा.

घाटमाथा:
लेखकांना 'प्रशिक्षण पथक' सुचवतो. अधिकृत इंग्रजी नावाचा अर्थही तोच होतो. मथळ्यासाठी मात्र त्यांना काहीतरी झणझणीत हवे असणार.

सह्यवारा:
मथळ्यात 'मांडलिक' टाकू नका म्हणावे, म्हणजे झाले.