नाजूक परवानगीच्या कड्यांचा पत्ता नेटवर टाकावा का?

कातळवेडा
गेल्या आठवड्यात आमच्या चढाईच्या नेहमीच्या कड्याखालच्या फाटकाला साखळी दिसली. नवीकोरी, दुकानातलं तेलही अजून पुसलेलं नाही. कडा खाजगी जमिनीत आहे आणि मालक नऊ वर्षं काही न बोलता येऊ देत होते. विचारलं तर म्हणाले, "रविवारी अकरा गाड्या होत्या. एक फाटकासमोर आडवी. ट्रॅक्टर दोन तास बाहेर उभा." शोधल्यावर कळलं, कोणीतरी कड्याचं लोकेशन एका ॲपवर टाकलंय आणि पार्किंगची खूण नेमकी फाटकावर.

माझं म्हणणं सरळ आहे. जिथे आपण दुसऱ्याच्या मर्जीवर चढतो, तिथला पत्ता नेटवर नको. कोणी विचारलं तर सांगावं, पहिल्यांदा सोबत न्यावं. झोडा आता.

दोनदोर
झोडतोच. उत्तर तुमच्याच धाग्यात आहे. पार्किंग चुकीचं टाकलं गेलं, कारण ज्यांना बरोबर माहीत होतं ते नऊ वर्षं गप्प होते. ब्रिटनमध्ये ब्रिटिश माउंटेनिअरिंग कौन्सिल गाडी कुठे लावायची, मालकाच्या अटी काय, पक्ष्यांसाठी कडा कधी बंद, हे सगळं डेटाबेसमध्ये उघड ठेवते. कडा लपवायचा नाही, अट सांगायची. आणि गुपित ठेवल्याने कातळात ठोकलेले बोल्ट गंजायचे थांबत नाहीत. दोर अडकवायचा कुठला अँकर हलतोय हे कोणाला कुठे सांगायचं मग?

घारीची नजर
दोनदोर, अट वाचतं कोण? फिरतो तो नकाशावरच्या पिनचा, म्हणजे खुणेचा, स्क्रीनशॉट. अट मागेच राहते.

मी दोन हंगाम बहिरी ससाण्याच्या मोजणीत होते. हा पक्षी घरटं बांधतच नाही. कपारीतली माती-खडी उकरून खळगा करतो आणि त्यातच अंडी घालतो. खालून काहीसुद्धा दिसत नाही. उबवण महिन्याहून थोडी जास्त, मग पिल्लं उडेपर्यंत सहाएक आठवडे. मधेच कोणी त्या कपारीशी पोचलं की मादी उठते, कॅक-कॅक करत घिरट्या घालते, आणि वरचा भिडू म्हणतो, "काय भारी पक्षी आहे यार!" व्हिडिओ काढून होईपर्यंत अंडी गार पडायला लागलेली. डीडीटी या कीटकनाशकाने अंड्यांची कवचं पातळ होऊन हे पक्षी अमेरिकेत जवळजवळ संपले होते. तिथल्या संकटग्रस्त यादीतून १९९९ साली बाहेर आले. एका रीलसाठी हे पणाला लावायचं?

दोनदोर
म्हणजे तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत. कपार दिसत नाही, म्हणूनच आधी सांगायला हवं ना? "अमुक भिंत अमुक तारखेपर्यंत बंद" असं लिहायचं तर भिंतीचं नाव घ्यावंच लागेल. निनावी कडा बंद कसा करणार?

घारीची नजर
भिंत सांगा, कपार नको. अंडी-पिल्लं चोरणारेही नेट वाचतात. एवढं मान्य असेल तर भांडण अर्ध्यावर आलं.

नवखी_बिलेअर
"कोणी विचारलं तर सांगावं" हे वाचून हसू आलं. विचारायचं कोणाला? मला चढायला लागून दोन वर्षं झाली. एका ग्रुपवर एका कड्याचा रस्ता विचारला. सगळ्यांनी वाचलं, तीन दिवस कोणी बोललं नाही. नंतर आलेल्या एका मुलाने तेच विचारलं, तर दहा मिनिटांत नकाशा हजर. तो ग्रुपमधल्या कोणाचा तरी रूममेट. कातळवेडा, तुमच्या गुपिताला पक्षी, मालक वगैरे चांगली कारणं असतील, पण बाहेर उभं राहून बघितलं तर ते ओळखीच्यांचं क्लबच दिसतं.

जुनी गाठ
उशिरा आलो. दोन्ही बाजू पिनवर अडकल्या आहेत.

टेक्सासमधलं ह्युएको टँक्स हे खडकाळ उद्यान बोल्डरिंगवाल्या (दोराशिवाय बुटक्या खडकांवर चढणाऱ्या) जगाला माहीत होतं. तिथल्या प्राचीन शैलचित्रांना धोका झाला, तेव्हा १९९८ मध्ये येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. तिथल्या नॉर्थ माउंटन भागात एका वेळी ७० माणसं, बाकीच्या भागात गाइडसोबतच. पत्ता कोणी लपवला नाही. वायोमिंगच्या डेव्हिल्स टॉवरवर १९९५ पासून जूनमध्ये चढू नका अशी विनंती असते, कारण तो सुळका अनेक मूळ अमेरिकन जमातींना पवित्र आहे. बंदी नाही, विनंती. ती पोचायची तर सगळीकडे छापावीच लागते. पण अमेरिकेतल्याच लेक टाहोजवळचा केव्ह रॉक बघा. वाशो या मूळ अमेरिकन जमातीचं पवित्र स्थान, तिथे चढाईवर बंदी आली आणि २००७ मध्ये अपील कोर्टाने ती कायम ठेवली. तिथे कितीही नीट माहिती लिहा, उत्तर "नको" हेच.

तेव्हा पत्ता टाकायचा की नाही हे आपण चढणारे का ठरवतोय? कातळवेडा, मालकांना विचारलंत कधी?

कातळवेडा
नाही. खरं सांगतो, नऊ वर्षांत एकदाही नाही. विचारलं तर "नको" म्हणतील अशी भीती होती. (नवखी_बिलेअर, तुमचं लागलं. मीही असे मेसेज वाचून सोडलेत.)

कातळवेडा
काल जाऊन आलो. मालकांना कडा नेटवर आहे याचं काही नाही. चारच गाड्या, त्याही विहिरीच्या बाजूला, आणि आदल्या दिवशी कळवायचं, एवढंच. त्यांचा नंबर मात्र कुठेही लिहायचा नाही. म्हणजे कळवायचं तर परत माझ्यामार्फतच.

नवखी_बिलेअर
म्हणजे फाटकावर आता तुम्ही :)

दोनदोर
त्या चुकीच्या पिनचं काय झालं?

कातळवेडा
मूळ ॲपवाल्यांनी दुरुस्त केली. पण तोवर दोन ठिकाणी कॉपी झाली होती. एकाला मेल केलाय, दुसऱ्याचा पत्ताच सापडत नाही. साखळी अजून आहे.