ट्रेडमिलवर ८०० मीटर ३:२६, मैदानावर ३:५८. मदत हवी आहे (पोलीस भरती)

वर्दीचीवाट, परभणी
मदत लवकर हवी आहे. दोन महिन्यांपासून जिममध्ये ट्रेडमिलवर पळायलेय. ८०० मीटरला ३ मिनिटं २६ सेकंद लागतात, रोज. परवा पावसानं उघडीप दिली म्हणून शाळेच्या मैदानावर टायमिंग लावलं तर ३:५८ आलं. वाटलं, भावानं घड्याळ उशिरा बंद केलं. काल परत पळाले, परत ३:५८. शेवटच्या दोन फेऱ्यांत पाय उचलत नव्हते, छातीत नुसती आग.

३२ सेकंद गेले कुठं? मैत्रिणी म्हणायल्यात ट्रेडमिल सोड. जिमवाले दादा म्हणायलेत मैदान खराब असंल. मागच्या भरतीत मी ग्राउंडलाच बाहेर पडले, लेखीचं तोंड बघितलं नाही. या वेळेस तसं होऊ द्यायचं नाही. ट्रेडमिल चालू ठेवू की बंद करू, एवढंच सांगा. मेहनत कर असं कुणी सांगू नका, मेहनत चालू आहे.

बालाघाटी, अंबाजोगाई
बंद कर पोरी. पट्टा आपोआप मागं जातो, तू जागेवर उड्या मारतेस. जमीन मागं जात नसते, ती पायानं ढकलावी लागते. मी फौजेत सतरा वर्षं काढली, पट्ट्यावर तयार झालेला एक गडी बघितला नाही. आमच्याकडं मुकुंदराजाच्या समाधीकडं उतरणारा रस्ता आहे, पोरं पहाटे तो चढ पळत चढतात. दम तिथं तयार होतो. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे लहानपणी शाळेत पळत जायचा. त्यानं कोणती जिम लावली होती?

गोदाकाठ, नांदेड
काका, पट्टा मागं जातो म्हणून कष्ट वाचतात हे खरं नाही. देवगिरी एक्स्प्रेसच्या डब्यात नाणं वर उडवलं तर ते आपल्याच हातात पडतं, गाडी कितीही जोरात असली तरी. तसंच हे. पट्टा एकाच वेगानं सरकत असेल तर शरीराला जमिनीवर पडतं तेवढंच काम तिथं पडतं. फरक हवेचा. मैदानावर हवा कापत जावं लागतं, पट्ट्यावर नाही. पण या वेगाला हवेपायी ३२ सेकंद जात नाहीत.

वर्दीताई, तुम्ही निम्मीच माहिती दिलीय. ट्रेडमिलला चढ किती लावता? समोरचा दांडा धरता का? घड्याळ पट्टा थांबलेला असताना सुरू होतं की वेग आल्यावर? मैदान केवढ्याचं आहे? वाळलेलं होतं का? आणि प्रत्येक फेरीचे सेकंद वेगळे लिहिलेत का? हे कळल्याशिवाय कुणीही काहीही सांगितलं तरी तो अंदाजच.

घामगाळ, लातूर
मी लातुरात ट्रेनर आहे. ताई चढ शून्यावर ठेवत असणार, पैज लावतो. १ टक्का चढ लावा. जोन्स आणि डाउस्ट या दोघांनी १९९६ साली धावपटूंना लागणारा प्राणवायू मोजून दाखवलंय की ताशी साडेदहा ते अठरा किलोमीटर या वेगाला १ टक्का चढ लावला की बाहेरच्या सपाट रस्त्याएवढाच प्राणवायू लागतो. तुमचा वेग त्यातच बसतो. ट्रेडमिल बंद करायची काही गरज नाही. पावसाळ्यात आमच्याकडं भरतीची चाळीसेक पोरं येतात. काळ्या मातीत पळून घोटे मुरगळून घेण्यापेक्षा ते बरं.

निवांत५८, छत्रपती संभाजीनगर
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. मी नुकताच निवृत्त झालो, गुडघे कुरकुरतात. घरी ट्रेडमिल घ्यायचा विचार आहे. मोटर दोन हॉर्सपॉवरची घ्यावी की तीनची? घरातल्या इन्व्हर्टरवर चालेल का?

घामगाळ
काका, नुसतं चालायचं असेल तर दोन पुरे. पण दुकानदाराला 'कमाल' किती ते विचारू नका, सलग किती चालते ते विचारा. इन्व्हर्टरचा नाद करू नका. लाइट गेली की पट्टा एकदम थांबतो. आणि सुरक्षेची दोरी कपड्याला अडकवल्याशिवाय चढायचं नाही.

वर्दीचीवाट
माझा धागा आहे, प्लीज. चढ शून्य. मैदान २०० मीटरचं, चार फेऱ्या. वेग १४ वर लावते, पट्टा पळायला लागला की घड्याळ. बाकीचं महत्त्वाचं नाही.

गोदाकाठ
बाकीचंच महत्त्वाचं आहे. दांडा?

वर्दीचीवाट
शेवटच्या दोनशेत धरते थोडा. त्यानं काय होतंय?

गोदाकाठ
खूप होतं. दांडा धरला की अंगाचा काही भार हातांवर जातो, पायांवरचा कमी होतो. मैदानावर शेवटच्या टप्प्यातच तुमचे पाय उचलेनात, आणि तिथंच रोज तुम्ही पायांना आधार देत आलात. दुसरी गोष्ट सुरुवातीची. पट्टा १४ ला पोचल्यावर घड्याळ सुरू, म्हणजे उभ्यानं सुटून वेग धरायला लागणारे सेकंद तुमच्या ३:२६ मध्ये आलेलेच नाहीत.

सिस्टरताई, जिंतूर
ताई, हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगणार, कारण रोज बघते. भरतीच्या पोरी डबा अर्धवट खातात, वर पाळीत अंगावरून जास्त जातं, आणि मग म्हणतात दम पुरत नाही. सरकारी दवाखान्यात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घे. बाईमाणसाला १२ च्या खाली असेल तर रक्त कमी म्हणतात. रक्तच प्राणवायू वाहून नेतं, ते कमी असलं तर चढ लावून काय आणि उतार लावून काय. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच घे, आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नकोस, लोह अंगी लागत नाही.

बालाघाटी
सिस्टर बरोबर बोलल्या. त्यात रोज मूठभर भिजवलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा. पण माझं म्हणणं तेच. मैदानावर परीक्षा आहे तर सराव मैदानावर.

घामगाळ
काका, साबळेंचं नाव तुम्हीच घेतलंत म्हणून सांगतो. ते नुसते शाळेत पळून तिथवर गेले नाहीत. महार रेजिमेंटमध्ये भरती झाल्यावर त्यांना प्रशिक्षक मिळाला, शिस्तीचा सराव मिळाला. २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस (अडथळ्यांची शर्यत) ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत पळाले. एवढं टायमिंग मोजूनमापून केलेल्या सरावातून येतं. साधन कुठलंही असो, मोजणं महत्त्वाचं.

बालाघाटी
मोजणं महत्त्वाचं हे मान्य. पण आमच्या बीड जिल्ह्यातलं पोरगं मातीतूनच वर आलं, हे पण खरं आहे का नाही?

गोदाकाठ
दोन्ही खरं आहे. आता मोजण्यावरच येऊ. ताई, ट्रेडमिलच्या पडद्यावरचे १४ खरे आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलं? जिममधलं मशीन रोज दहा-बारा तास चालतं. पट्टा सैल पडला, तेल नसलं तर अंगाचा भार पडला की तो अडखळतो, पडदा मात्र १४ च दाखवतो.

हे आपलं आपण तपासता येतं. मशीन बंद असताना शिंप्याची टेप घ्या. पट्ट्यावर खडूची खूण करून पट्टा हातानं सरकवत पूर्ण लांबी मोजा. मग एका बाजूला रंगीत चिकटपट्टी लावा, १४ वर पळा, आणि भावाला मोबाइलवर पट्टीचा व्हिडिओ काढायला लावा. पट्टी ३० वेळा फिरायला किती सेकंद लागले ते बघा. रिकामा पट्टा फिरवून मोजू नका, तुम्ही त्यावर पळत असतानाच मोजा.

आणि मैदानाच्या फेऱ्यांचे सेकंद अजून दिले नाहीत.

वर्दीचीवाट
भावानं लिहिलेत, वही मिळाली. ४५, ५८, ६७, ६८. मैदान वरून वाळलेलं दिसत होतं, पण आत मऊ होतं. बुटाला माती चिकटत होती. कडेला पाणी साचलंय म्हणून पोरं थोडी बाहेरून पळतात, मी पण.

घामगाळ
ताई, इथंच सगळं आलं. ४५ सेकंदांत २०० मीटर म्हणजे ताशी १६ चा वेग. दोन महिने १४ च्या वर कधी गेला नाहीत, आणि मैदानावर उतरल्या उतरल्या १६ नं सुटलात. ट्रेडमिलवर वेग मशीन सांभाळतं, माणसाला सांभाळायची सवयच लागत नाही. ट्रेनर असून मी हे कबूल करतो, ट्रेडमिलची ही खरी उणीव आहे. माझी पोरं पण ग्राउंडला पहिल्या शंभर मीटरातच सगळा जोर संपवतात.

बालाघाटी
हेच मी पहिल्यापासून सांगायलोय.

गोदाकाठ
काका, तुम्ही पट्टा मागं जातो म्हणत होतात. हे कारण वेगळं आहे.

बाहेरून पळण्याचाही हिशेब करा. मैदानाचा आकार कसाही असो, कडेपासून १ मीटर बाहेरून पळालं की दर फेरीला सव्वासहा मीटर वाढतात. चार फेऱ्यांत २५ मीटर. तुमच्या वेगाला ते सात सेकंद झाले. म्हणजे तुम्ही ८०० नाही, ८२५ पळालात. भरतीच्या दिवशी एका बॅचमध्ये बऱ्याच पोरी एकदम सुटतात. वळणावर आतली कड धरायची सवय आत्ताच लावा, तिथं चिप लावून वेळ घेतात, अंतर मोजत नाहीत.

निवांत५८
या मुलीला माझ्याकडून शुभेच्छा. मशीनची चौकशी मी वेगळ्या धाग्यात करतो.

वर्दीचीवाट
पट्टा मोजला. जिमवाले दादा आधी नको म्हणाले, मग स्वतःच टेप धरली. लांबी ३ मीटर ३० सेंटिमीटर. ३० फेऱ्यांना साडेअठ्ठावीस सेकंद. तीन वेळा मोजलं, पाव सेकंद इकडं तिकडं. आता गणित कुणीतरी करा, माझे हात थरथरायलेत.

गोदाकाठ
३० फेऱ्या म्हणजे ९९ मीटर. साडेअठ्ठावीस सेकंदांत ९९ मीटर म्हणजे ताशी साडेबारा किलोमीटर. पडदा १४ दाखवतोय, पट्टा १२.५ नं जातोय. साडेबारानं ८०० मीटरला ३ मिनिटं ५० सेकंद लागतात. म्हणजे ३२ पैकी २४ सेकंद कधी नव्हतेच. उरलेले ८ बाहेरून पळणं, मऊ माती, सुरुवात आणि पहिली फेरी यांत गेले.

वर्दीचीवाट
दोन महिने मी ३:२६ धरून बसले होते. घरी सगळ्यांना सांगितलं होतं. आईनं शेजारी सांगितलं.

सिस्टरताई
रडून घे आज, पण ग्राउंडच्या दिवशी कळण्यापेक्षा आत्ता कळलं ते चांगलं. रक्त तपासलंस का?

वर्दीचीवाट
११.४ आलंय. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, महिन्यानं परत बोलावलंय.

बालाघाटी
पोरी, आता नीट ऐक. ८०० ला २० गुण आहेत, १०० मीटर आणि गोळाफेकीला १५-१५. वीसच्या वीस हवे असतील तर २:५० च्या आत यावं लागतं, ते आज डोक्यात घेऊ नको. आधी ३:२० धर. म्हणजे दर दोनशेला ५०. एक दोनशे ५० मध्ये पळायचं, दोन मिनिटं चालायचं, परत दोनशे. असे आठ. ४५ मध्ये आलीस तरी ते चुकलंच समजायचं, ५० म्हणजे ५०. आठवड्यातून दोनदा, मधे दोन दिवस सोडून. पाऊस असला तर पट्ट्यावर पळ, त्याला मी आता ना म्हणत नाही. फक्त १ टक्का चढ लाव आणि दांड्याला हात लावायचा नाही. पहाटे एकटी जाऊ नको, भावाला किंवा मैत्रिणीला घेऊन जा. कुत्री अंधारात पळणाऱ्याच्याच मागं लागतात.

गोदाकाठ
काकांची योजना चांगली आहे. एक भर: ट्रेडमिलवर १४ चे १२.५ पडतात म्हणून १६ ला पण तेवढाच फरक पडेल असं समजू नका. प्रत्येक वेगाला वेगळं मोजा. जिमवाल्यांना पट्टा ताणून तेल घालायला सांगा, त्यानंतर परत मोजा.

वर्दीचीवाट
आठ दिवसांनी लिहितेय. मैदान कडक वाळलं होतं, पाणी आटलं, आतली कड धरून पळाले. ५७, ५८, ५८, ५६. एकूण ३:४९. शेवटची फेरी सगळ्यात जोरात आली, असं आधी कधीच झालं नव्हतं.

दोनशेचे आठ पण केले. पाच ५० मध्ये आले, सहावा ५४, सातव्याला थांबले. उद्या पाऊस सांगितलाय. जिममध्ये मिस्त्री येऊन गेलाय, टेप घेऊनच जाणार आहे. काका, आठ पूर्ण होईनात तर आकडा कमी करू की मधली विश्रांती वाढवू?

बालाघाटी
विश्रांती वाढव. तीन मिनिटं घे. ५० मोडू नको.