इंग्लंडमधे तलावाकाठी चालायला आणि सायकल चालवायला कुठं जावं?

धानपट्ट्यातली (अर्जुनी मोरगाव)

नमस्कार मंडळी. पोरगी लेस्टरला शिकून राहिली, तिच्याकडे आम्ही दोघं जूनमधे जाणार आहो. लंडन वगैरे ती दाखवेलच, पण मला खरं पाहायचे आहेत तिकडचे तलाव. जन्मच तलावांच्या जिल्ह्यात गेला आमचा, पहाटे तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, सायकल नेल्याशिवाय मला चैन पडत नाई. नवेगाव बांधापासून गावोगावच्या बोड्यांपर्यंत (लहान तळ्यांपर्यंत) आमच्याकडच्या तलाव बांधणाऱ्या कोहळी लोकांनी पाणी कसं अडवलं ते लहानपणापासून ऐकत आली, तर तिकडच्या लोकांनी आपलं पाणी कसं राखलं, साध्या माणसाला काठावर जाऊ देतात का कुंपण घालून ठेवतात, ते बघायची फार इच्छा आहे. आमच्याकडे गाडी नसणार, रेल्वेनंच जाऊ. मिस्टरांचे गुडघे दुखतात, सपाटीवर ते आरामात चालतात पण चढ नको. सायकल भाड्यानं मिळते का? कोणी गेलं असेल तर सांगा जी.

पवनीकडचा

ताई, लेस्टरला राहणार असाल तर बिलकुल विचार करू नका, रटलंड वॉटर. मी काही वर्षं त्याच भागात नोकरीला होतो, सुट्टी मिळाली की तिकडेच. लेस्टरहून ओकहॅमला थेट गाडी आहे, स्टेशनवर उतरलं की तलाव दोन-तीन किलोमीटरवर.

हा तलाव निसर्गानं केलेला नाही, 1970 च्या दशकात एम्पिंगहॅमला मातीचं धरण बांधून झाला. पूर्ण फेरी 23 मैलांची आहे, म्हणजे 37 किलोमीटर, पण मधे हॅम्बल्टनचा भाग जिभेसारखा पाण्यात शिरलेला आहे तो सोडला तर 17 मैलांत होते. तुम्ही रोज चालवता तर 17 तुम्हाला जड नाही, हॅम्बल्टनला मात्र चढउतार आहेत. सायकल काठावरच्या व्हिटवेल गावाला भाड्यानं मिळायची, ती अजून मिळते का ते पोरीला ऑनलाइन बघायला सांगा. भाऊंना धरणाच्या बाजूनं नॉरमँटनच्या चर्चपर्यंत चालू द्या. पाणी चढणार म्हणून त्या चर्चची जमीन खालून दगडांनी भरून उचलली, भोवती बांध घातला, आता अर्धं चर्च जमिनीत आणि अर्धं वर, तीन बाजूंनी पाणी. फोटोत ते कळत नाही, जवळ जाऊन बघा.

आणि ऑस्प्रे! मासे धरणारा शिकारी पक्षी, आपल्याकडे हिवाळ्यात मोठ्या जलाशयांवर दिसतो तोच. इंग्लंडातून तो माणसानं मारून मारून संपवला होता, 1996 पासून स्कॉटलंडची पिल्लं आणून रटलंडला सोडली, 2001 साली तिथं पहिल्यांदा पिल्लू झालं. जूनमधे घरट्यात पिल्लं असतात, दक्षिण काठावर लिंडनच्या बाजूला पक्षी बघायच्या झोपड्या आहेत, दुर्बीण असेल तर न्याच.

वर्धेचा_सायकलवाला

पवनीकर भाऊंनी बरोबर सांगितलं, पण ताई, एक गोष्ट आधीच समजून घ्या, म्हणजे कोणी हटकणार नाही. तिकडे शेतातून जाणाऱ्या वाटांवर बाण असतात. पिवळा बाण म्हणजे फुटपाथ, फक्त पायी चालणाऱ्यांचा, तिथं सायकल चालवायची नाही. निळा बाण म्हणजे ब्रायडलवे, तिथं पायी, घोडा आणि सायकल तिन्ही चालतात. सायकलला ही मुभा 1968 च्या कायद्यानं मिळाली, आणि त्यातच लिहिलेलं आहे की सायकलवाल्यानं पायी माणसाला आणि घोड्याला वाट द्यायची. मला हे फार आवडते, की वाट कोणाच्याही शेतातून जात असली तरी चालणाऱ्याचा हक्क कायद्यात नोंदलेला आहे, मालकाला ती नांगरून मिटवून टाकता येत नाही. आपल्याकडे पांदण रस्त्यांसाठी अजून भांडणं चालू आहेत, ते पाहता हे शिकण्यासारखं आहे.

फाटकं जशी दिसली तशीच ठेवायची, उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. वासरू असलेल्या गाईपासून लांबून जा, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. बाकी गाडी डाव्या हातानंच चालते आपल्यासारखी, त्यामुळे रस्त्यावर त्रास नाही.

वैनगंगाकाठ

ताई, रटलंड कराच, पण एक दिवस शेफिल्डजवळच्या डरवेंट नदीच्या खोऱ्यासाठी काढा. मी मुद्दाम सांगून राहिलो कारण आमच्या मामाचं गाव धरणात गेलं, म्हणून ती जागा माझ्या मनातून जातच नाही.

लेस्टरहून शेफिल्ड, तिथून मँचेस्टरच्या लाइनवर बॅमफर्ड. बॅमफर्डहून थॉर्नहिल ट्रेल नावाची वाट थेट लेडीबॉवर धरणाकडे जाते, धरणासाठी सामान नेणाऱ्या जुन्या रेल्वेचा मार्ग आहे तो, म्हणून चढ हळूहळू येतो. खोऱ्यात एकावर एक तीन धरणं: हाउडन, डरवेंट आणि खाली लेडीबॉवर. वरची दोन दगडी आहेत, 1901 ते 1916 च्या दरम्यान बांधली. त्या मजुरांसाठी बर्चिनली नावाचं पत्र्याच्या घरांचं अख्खं गाव वसवलं होतं, शाळा-दवाखान्यासकट, काम संपलं आणि गाव उठलं. पाणी कोणासाठी? शेफिल्ड, डर्बी, नॉटिंगहॅम आणि लेस्टर. म्हणजे तुमची पोरगी ज्या शहरात राहते त्याची तहान भागवायलाच हे खोरं अडवलं.

लेडीबॉवर 1945 ला भरलं आणि त्यात ॲशॉप्टन आणि डरवेंट ही दोन गावं गेली. डरवेंटच्या चर्चच्या आवारातल्या मयती उकरून बॅमफर्डला नेऊन पुरल्या. चर्चचा मनोरा तेवढा काही काळ ठेवला होता, पाणी उतरलं की दिसायचा, 1947 ला सुरुंग लावून पाडला. गावातला सामान नेणाऱ्या घोड्यांचा जुना दगडी पूल मात्र लोकांनी दगड दगड सुटा करून वर खोऱ्याच्या टोकाला पुन्हा उभा केला, त्या जागेला स्लिपरी स्टोन्स म्हणतात. मी त्या पुलावर बराच वेळ उभा होतो. आमच्या मामाच्या गावचं मारुतीचं देऊळ नव्या गावठाणात नव्यानं बांधलं, पण जुन्याचा एक दगड त्यात आला असता तर म्हाताऱ्यांना किती बरं वाटलं असतं! 2018 च्या दुष्काळात लेडीबॉवर आटलं तेव्हा डरवेंट गावचे चौथरे उघडे पडले आणि लोक लांबून लांबून बघायला आले.

सायकल फेअरहोम्सला भाड्यानं मिळायची, डरवेंट धरणाच्या पायथ्याशी, अजून मिळते का ते आधी बघून घ्या. तिथून वर हाउडनच्या काठानं डांबरी रस्ता आहे, रविवारी मोटारींना बंद असतो, म्हणून रविवारीच जा. भाऊ फेअरहोम्सहून धरणाच्या भिंतीपर्यंत निवांत चालतील. याच धरणावरून 1943 ला ब्रिटिश विमानांनी अगदी खालून उडायचा सराव केला, जर्मनीतली धरणं फोडायला. लेडीबॉवरला पाण्यात दोन मोठ्या विहिरीसारखी गोल तोंडं दिसतील, तो सांडवा आहे, जादा पाणी त्यातून खाली जाते. जूनमधे बहुतेक कोरडीच दिसतील.

धानपट्ट्यातली (अर्जुनी मोरगाव)

वैनगंगाकाठ दादा, मिस्टरांना वाचून दाखवलं, ते म्हणाले पहिले तिथंच जाऊ. एक विचारायचं होतं, पोरीच्या मैत्रिणी लेक डिस्ट्रिक्ट लेक डिस्ट्रिक्ट करून राहिल्या, तो डोंगर-तलावांचा भाग आहे म्हणे, ते एका दिवसात होईल का? आणि पाण्यात पाय घालता येते का?

पवनीकडचा

एका दिवसात नाही ताई, लेस्टरहून फार लांब पडते, अर्धा दिवस गाडीतच जाईल. दोन-तीन मुक्काम असतील तरच. तसं झालं तर तिथल्या केसविक गावाला राहा. तिथून थ्रेलकेल्डपर्यंत जुन्या रेल्वेची वाट आहे, पाचेक किलोमीटर, नदी पुन्हा पुन्हा ओलांडत जाते. 2015 च्या वादळात तिचे पूल वाहून गेले होते, 2020 च्या डिसेंबरात पुन्हा उघडली, सपाट आहे, भाऊंसाठी एकदम बरोबर. विंडरमिअर तलाव सगळ्यात मोठा म्हणून लोक तिथंच गर्दी करतात, माझं मत विचाराल तर अल्सवॉटर जास्त सुंदर. ग्लेनरिडिंगहून बोटीनं हाउटाउनला जायचं आणि तुम्ही काठानं चालत परत, भाऊ बोटीनंच परत.

पाय घालायचं म्हणाल तर नैसर्गिक तलावाच्या काठावर चालते, धरणात नाही. लेडीबॉवरला पोहायची मनाई आहे आणि ती पाळाच. वरून शांत दिसते, पण पाणी उन्हाळ्यातही खोलवर बर्फागत असते आणि आत पाणी ओढणारे दरवाजे असतात.

वर्धेचा_सायकलवाला

रेल्वेत सायकल न्यायच्या भानगडीत पडू नका ताई, बऱ्याच गाड्यांत जागा आधी राखून ठेवावी लागते, तिथं जाऊनच भाड्यानं घ्या. जूनमधे रात्री साडेनवापर्यंत उजेड असतो, म्हणून परतीची घाई करू नका, पण शेवटची गाडी किती वाजता ते सकाळीच बघून ठेवा, रविवारी गाड्या कमी असतात. छत्री नको, वाऱ्यात टिकत नाही, पाण्याचं जॅकेट न्या.